‘सिलेक्टिव्ह’ या शब्दाची पंधरा वर्षं

नेट-सेटच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘बेडाक्विलिन टीबीच्या जंतूचं एटीपी सिंथेज अडवतं, माणसाचं अडवत नाही.’ तुम्ही ते पाठ केलं असेल. पर्यायी प्रश्नाला ते पुरतं. पण पीएचडीच्या मुलाखतीत समोरचा परीक्षक थोडं पुढे झुकून ‘कशावरून?’ असं विचारतो, तेव्हा हे वाक्य एकदम उघडं पडतं.

आजची पोस्ट त्या ‘कशावरून’बद्दल आहे. एकच दावा घेऊ, २००५ पासून २०२४ पर्यंत त्याच्यामागे चालत जाऊ, आणि प्रत्येक थांब्यावर बघू की पेपरमध्ये काय मोजलं होतं आणि आपण त्यातून काय ऐकलं. पोस्ट मोठी आहे. पनवेलहून सीएसएमटीची लोकल धरणाऱ्यांना वाशीपर्यंत पुरेल.

हा विषय आपल्या दारातला का आहे

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांबद्दल एक छोटं पत्र प्रसिद्ध केलं. तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणारा टीबी, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द होता ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’. २०१२ च्या जानेवारीत यावरून देशभर गदारोळ झाला. सरकारने शब्दाला हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनेही हा शब्द मान्य केला नाही, कारण दुसऱ्या फळीच्या बऱ्याच औषधांची प्रयोगशाळेतली चाचणी पुरेशी भरवशाची नव्हती.

रुग्णांचा आजार खरा होता, त्यांची परवड खरी होती. वाद ‘टोटली’ या एका शब्दावर होता: टोटली म्हणजे कोणत्या औषधांच्या यादीतलं, आणि कोणत्या चाचणीनुसार? हा प्रश्न लक्षात ठेवा. ‘सिलेक्टिव्ह’बद्दल आपण तोच विचारणार आहोत.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. भारतात ते मार्च २०१६ मध्ये सहा केंद्रांवर, अटींसह आलं, आणि त्यात मुंबई होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. म्हणजे ही गोळी आता तुमच्या शेजारच्या इमारतीतही कुणी घेत असेल. तिच्याबद्दलचं वाक्य नेमकं असायला हवं.

आधी यंत्र नीट बघू

एटीपी सिंथेज समजावताना सगळेच धरणाची उपमा देतात. आपल्याकडे तर ती पंधरा-वीस मैलांवर उभी आहे: लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी मोठ्या पाइपांतून घाट उतरून खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात येतं, १९१५ पासून. वर साठवण, खाली उतार, मध्ये टर्बाइन. श्वसनसाखळीतली एन्झाइमं इलेक्ट्रॉन पुढे सरकवताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला ढकलतात, ही साठवण. प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेजमधून उतरतात, हे टर्बाइन. पीटर मिचेलने १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

उपमा चांगली आहे, पण आपल्या कामासाठी ती एका ठिकाणी फसवते. टर्बाइनमध्ये पाणी पात्याला धडकतं आणि निघून जातं. एटीपी सिंथेजमध्ये तसं होत नाही. पटलात सी-प्रथिनांची एक गोल कडी असते. प्रत्येक सी-प्रथिनावर एक आम्लधर्मी अमिनो आम्ल असतं, ती प्रोटॉनची बसायची जागा. कडीला चिकटून ए-प्रथिन असतं आणि त्यात दोन अर्धे मार्ग असतात. एका अर्ध्या मार्गाने प्रोटॉन आत येतो, जागेवर बसतो, कडीबरोबर जवळजवळ पूर्ण फेरी मारतो आणि दुसऱ्या अर्ध्या मार्गाने उतरतो.

हे अलिबागकडच्या वाड्यांमधल्या रहाटासारखं आहे. गाडगं भरतं, चाकाबरोबर फिरतं, ठरलेल्या जागी रिकामं होतं. फरक इतकाच की रहाटात बैल चाक फिरवतो आणि पाणी वर येतं. इथे प्रोटॉन उताराला लागतो आणि चाक फिरतं.

कडीबरोबर मधला दांडा फिरतो आणि वरच्या डोक्यात प्रत्येक पूर्ण फेरीला तीन एटीपी तयार होतात. माणसाच्या कडीत आठ सी-प्रथिनं आहेत, मायकोबॅक्टेरियात नऊ, ई. कोलायमध्ये दहा. म्हणजे आपल्या यंत्राला एका एटीपीमागे साधारण २.७ प्रोटॉन लागतात आणि टीबीच्या जंतूला ३. रचना मोजली की कामाचा हिशेब असा सरळ निघतो. म्हणूनच रचनेचे पेपर इतके मोहात पाडतात.

दोन गोष्टी इथेच नोंदवून ठेवा. एक, टीबीच्या जंतूला मायटोकॉन्ड्रिया नसतो. त्याचं स्वतःचं पेशीपटलच हे सगळं काम करतं. दोन, औषधाला हे यंत्र अडवायचं असेल तर दोन मोक्याच्या जागा आहेत: गाडगं, म्हणजे सी-प्रथिनावरची प्रोटॉनची जागा, आणि सांधा, म्हणजे ए-प्रथिन आणि कडी जिथे एकमेकांना घासतात तो भाग. सगळी गोष्ट या दोन जागांमधल्या फरकावर फिरणार आहे.

२००५: लक्ष्य सापडलं

कोएन आंद्रिस आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला पेपर. त्यांनी आधी एन्झाइम निवडून त्यावर औषध शोधलं नाही. उलट केलं. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या निरुपद्रवी, भरभर वाढणाऱ्या नातेवाइकावर अनेक रसायनं टाकून पाहिली, जे जंतू मारतं ते उचललं. मग त्या रसायनाला न जुमानणारे जंतू वाढवले, त्यांचा जीनोम वाचला आणि कुठे बदल झालाय ते शोधलं. बदल सापडला एटीपीई या जीनमध्ये. हा जीन सी-प्रथिन बनवतो. २००७ मध्ये जैवरासायनिक प्रयोगांनीही सी-प्रथिनाकडेच बोट दाखवलं.

या कामाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पुराव्याची दिशा. औषध इथे बसतं असं कुणी ठरवलं नाही, जंतूनेच पळवाट दाखवून ते सांगितलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा पेपर पद्धतीसाठी तरी वाचावा.

पण या पुराव्याला एक मर्यादा आहे. सी-प्रथिनातला बदल औषधाला अडवतो, एवढंच यातून कळतं. औषध फक्त सी-प्रथिनालाच धरतं, हे कळत नाही. दाराची कडी बदलली म्हणून किल्ली लागेना, याचा अर्थ किल्ली फक्त कडीलाच टेकत होती असा होत नाही.

२००९: वीस हजार पट

आता तो पेपर, ज्याच्यावर आपलं पाठ केलेलं वाक्य उभं आहे. हाग्स्मा आणि सहकाऱ्यांनी जंतूचं आणि माणसाचं एटीपी सिंथेज शेजारी ठेवून बेडाक्विलिनची परीक्षा घेतली. निष्कर्ष: माणसाचं एन्झाइम वीस हजार पटींहून कमी संवेदनशील.

आकडा कसा आला ते बघा. एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला औषधाची जेवढी तीव्रता लागते तिला आयसी-५० म्हणतात. जंतूसाठी ती दिली आहे १० नॅनोमोलरपेक्षा कमी. माणसासाठी २०० मायक्रोमोलरपेक्षा जास्त. २०० मायक्रोमोलर म्हणजे दोन लाख नॅनोमोलर. दोन लाख भागिले दहा, वीस हजार.

आता दोन्ही बाजूंचे ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’ पुन्हा वाचा. हा दोन मोजमापांचा भागाकार वाटतो, प्रत्यक्षात तो दोन मर्यादांचा भागाकार आहे. माणसाच्या बाजूचं खरं वाक्य असं आहे: ‘या मांडणीत, २०० मायक्रोमोलरपर्यंत, आम्हाला काम निम्म्यावर आलेलं दिसलं नाही.’ लेखकांनी यात काही लपवलेलं नाही. चिन्हं छापलेली आहेत. त्यांचा निष्कर्षही सावध आहे: एटीपी निर्मितीशी निगडित विषारीपणा सस्तन पेशींमध्ये कदाचित दिसणार नाही. चिन्हं आणि तो ‘कदाचित’ गाळले ते नंतर उद्धृत करणाऱ्यांनी, आणि शेवटी आपल्या नोट्सनी.

इथे वाचक म्हणून तीन प्रश्न विचारायची सवय लावा. एन्झाइम कोणत्या अवस्थेत होतं: अखंड मायटोकॉन्ड्रियात, पटलाच्या तुकड्यांत, की शुद्ध करून डिटर्जंटमध्ये? काय मोजलं: एटीपी बनणं, एटीपी फुटणं, की ऑक्सिजनचा वापर? आणि नळीत चरबी किती होती? तिसरा प्रश्न बेडाक्विलिनसाठी फार महत्त्वाचा आहे. हे औषध प्रचंड चरबीप्रेमी आहे. तुम्ही नळीत टाकलेली तीव्रता आणि एन्झाइमच्या आजूबाजूची तीव्रता यांत म्हणूनच मोठी तफावत पडू शकते. पटलातल्या एन्झाइमांवर काम करायचं असेल तर हा प्रश्न आयुष्यभर पाठ सोडणार नाही.

२०१५: देखणं चित्र, अर्धं यंत्र

प्राइस आणि सहकाऱ्यांनी मायकोबॅक्टेरियम फ्लेई या आणखी एका नातेवाइकाच्या सी-कडीचे स्फटिक केले, बेडाक्विलिनसह आणि त्याशिवाय. रिझोल्यूशन १.७ अँगस्ट्रॉम. पटलातल्या प्रथिनासाठी हे थक्क करणारं काम आहे. औषध नेमकं गाडग्यावर, म्हणजे प्रोटॉन धरणाऱ्या ग्लुटामेटवर झाकण घालून बसलेलं स्वच्छ दिसतं.

सेमिनारमध्ये ही स्लाइड आली की प्रश्न संपतात. एवढं स्पष्ट दिसतंय, अजून काय हवं? पण स्फटिकात काय ठेवलं होतं ते आठवा: फक्त कडी. ए-प्रथिन नाही, दांडा नाही, डोकं नाही. ए-प्रथिनच नसेल तर सांधाही नाही, आणि जे नळीत नव्हतं ते चित्रात दिसणं शक्यच नव्हतं. कडीकडेच बघत राहिलो की निवडकपणाचं कारणही कडीतच शोधलं जातं: जंतूच्या आणि माणसाच्या सी-प्रथिनांतले अमिनो आम्लांचे फरक. हा तर्क चुकीचा नव्हता. अर्ध्या यंत्रापुरता होता.

रिझोल्यूशनचा आकडा जितका चांगला, तितकं पेपरने दाखवलेलं खरं, असं आपण नकळत धरतो. रिझोल्यूशन सांगतं की जे ठेवलं ते किती स्पष्ट दिसलं. काय ठेवलं नव्हतं, हे ते सांगत नाही.

पुढे २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये गुओ आणि सहकाऱ्यांनी स्मेग्मॅटिसचं अख्खं एटीपी सिंथेज क्रायो-ईएमने दाखवलं, औषधासह. तेव्हा कळलं की औषध बसल्यावर यंत्राचा आकार बराच बदलतो आणि ए व सी यांच्या सांध्यात घट्ट कप्पे तयार होतात. औषध इतकं प्रभावी का, याचं उत्तर त्यांनी या कप्प्यांमध्ये दिलं. गाडगं खरंच होतं, पण खरी पकड सांध्यात होती.

२०२०: ‘पोटंट’

याच्या एक वर्ष आधी लुओ आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता. शीर्षकातच दावा: बेडाक्विलिन यीस्टचं आणि माणसाचं मायटोकॉन्ड्रियल एटीपी सिंथेज अडवतं. सारांशात त्यांनी ‘पोटंट’ हा शब्द वापरला. यीस्टच्या एन्झाइमची औषधासह रचनाही काढली. औषधाची जागा ऑलिगोमायसिनच्या जागेवर काही अंशी चढते असं दिसलं. (ऑलिगोमायसिनवरूनच एन्झाइमच्या पटलातल्या भागाला ‘एफ-ओ’ म्हणतात. ते अक्षर ओ आहे, शून्य नाही. परीक्षेत विचारतात.) २०२४ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रत्यक्ष टीबीच्या जंतूचं आणि माणसाचं, दोन्ही एन्झाइमं औषधासह दाखवली. सांध्याच्या एका बाजूची जागा दोघांत सारखी निघाली.

लक्षात आलं? २००५ ला औषध स्मेग्मॅटिसवर सापडलं, २०१५ चं चित्र फ्लेईचं, २०२१ चं पुन्हा स्मेग्मॅटिसचं. खुद्द टीबीच्या जंतूच्या एन्झाइमवर हे औषध बसलेलं बघायला जवळपास वीस वर्षं गेली. नातेवाईक वापरण्यात गैर काही नाही. टीबीचा जंतू सावकाश वाढतो, त्याला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. मात्र पेपर वाचताना ‘हे कुणाचं एन्झाइम आहे?’ हे पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.

मग २००९ चूक आणि २०२० बरोबर, असा निकाल द्यायचा का? इतकी घाई नको. त्यासाठी दोन्ही प्रयोग एकाच मांडणीत, एकाच चरबीच्या प्रमाणात, एकच गोष्ट मोजून तपासायला हवेत. नवा पेपर जुन्यावर आपोआप मात करत नाही. शिवाय जागा सारखी असली तरी पकड सारखीच घट्ट असते असं नाही. माणसाचं एन्झाइम अडतं हे एक विधान झालं. ते जंतूच्या इतकंच सहज अडतं, हे दुसरं. पहिल्याचा पुरावा आता भक्कम आहे. त्यावरून दुसरं गृहीत धरता येत नाही.

मग गोळी धोक्याची का?

हा भाग सगळ्यात जपून वाचा, कारण इथे एन्झाइम संपतं आणि माणूस सुरू होतो.

सुरुवातीच्या एका चाचणीत बेडाक्विलिन घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० जणांचा मृत्यू झाला, आणि औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या ८१ पैकी दोघांचा. मृत्यूंच्या कारणांमध्ये एकसूत्र सापडलं नाही, पण आकडा भीतिदायक होता. याशिवाय औषधाने ईसीजीमधला क्यूटी नावाचा कालावधी लांबतो. २०२० चा पेपर आपली प्रस्तावना याच धोक्यावर उभी करतो: हृदयावरचा परिणाम माणसाचं एटीपी सिंथेज अडल्यामुळे असेल का?

शंका रास्त आहे, पण पुरावा नाही. क्यूटी लांबण्यामागे आधीपासून माहीत असलेला दुसरा संशयित आहे: हृदयातली हर्ग नावाची पोटॅशियम वाहिनी. त्यात बेडाक्विलिनचा ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणजे मोकळं औषध फार थोडं. आणि लगेच याच्या उलट: हे औषध ऊतींमध्ये साठतं, शरीरातून पुरतं जायला महिनोन्‌महिने लागतात, त्याचं शेवटच्या टप्प्यातलं अर्धआयुष्य साधारण साडेपाच महिने आहे. नळीतल्या आयसी-५० वरून हृदयाच्या पेशीत काय होईल, हे दोन्ही बाजूंनी अवघड आहे.

रुग्णांचं उत्तर रुग्णांकडूनच आलं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एकोणीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत बेडाक्विलिन मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशावर होता. हाही निरीक्षणात्मक अभ्यास आहे. औषध कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हे नाणं उडवून ठरलेलं नव्हतं, ही त्याची मर्यादा. तरी पारडं कुठे झुकतं ते स्पष्ट होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिन प्राधान्याच्या पहिल्या गटात घातलं.

तेव्हा तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर या पोस्टचा अर्थ ‘बंद करा’ असा काढू नका. ईसीजीच्या तारखा पाळा, शंका डॉक्टरांना विचारा. अर्धवट सोडलेला टीबीचा उपचार कोणत्याही एन्झाइमपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

जंतूच्या बाजूलाही तेच

आत्तापर्यंत आपण वाक्याचा दुसरा अर्धा तपासला, ‘माणसाचं अडवत नाही’. पहिला अर्धा, ‘जंतूचं अडवतं’, तो तरी निर्धोक आहे ना? अडवतं, यात शंका नाही. पण त्यातून आपण ‘म्हणून जंतू मरतो’ असं ऐकतो, आणि तिथे पुन्हा गाळलेली जागा आहे.

बेडाक्विलिन दिल्यावर टीबीचा जंतू लगेच मरत नाही. पहिले काही दिवस तो आपला चयापचय बदलून तग धरतो. एटीपी थांबलं की खेळ खलास, इतकं ते सरळ नाही. २०१८ मध्ये एका गटाने दाखवलं की हे औषध स्वतःच पटलातून आयन ने-आण करू शकतं, म्हणजे धरणाला गळती लावू शकतं. टर्बाइन अडवल्याने जंतू मरतो की साठवणच झिरपल्याने, की दोन्हींनी, यावर मतं अजून जुळलेली नाहीत.

प्रतिकाराचं बघा. रचना पाहून कुणीही सांगेल की जंतू सी-प्रथिन बदलून सुटेल, प्रयोगशाळेत तर तसं झालंच होतं. रुग्णांमध्ये मात्र असे बदल क्वचित दिसतात. जास्त करून बदल सापडतो आरव्ही०६७८ या जीनमध्ये. तो एका पंपावर लगाम ठेवणारं प्रथिन बनवतो. लगाम सुटला की पंप औषध बाहेर फेकतो. एन्झाइम तसंच, कप्पा तसाच, औषधच तिथपर्यंत पोचत नाही. १.७ अँगस्ट्रॉमच्या चित्रात हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि असणारही नाही, कारण ते चित्र एन्झाइमचं आहे, जंतूचं नाही.

मग मुलाखतीत काय सांगाल

माझी टीका या पेपरवर कमी आणि आपल्या वाचण्याच्या पद्धतीवर जास्त आहे. वर आलेला प्रत्येक पेपर आपापल्या जागी चोख आहे. बिघडतं ते प्रवासात. ‘या मांडणीत, या तीव्रतेपर्यंत दिसलं नाही’चं पुढच्या पेपरच्या प्रस्तावनेत ‘अत्यंत निवडक’ होतं, आढावा लेखात ‘निवडक’, आणि क्लासच्या नोट्समध्ये ‘माणसाचं अडवत नाही’. प्रत्येक पायरीवर एकेक अट गळते. किंमतही खरी असते: माणसाच्या एन्झाइमचा प्रश्न मिटला असं धरलं, की त्याच्याकडे पुन्हा बघायला कुणाला वेळ नसतो. इथे तो प्रश्न पुन्हा उघडायला अकरा वर्षं गेली. टीबीएजे-५८७ सारखी याच कुळातली पुढची औषधं आज तपासली जाताना तोच प्रश्न समोर ठेवलेला आहे.

तुमच्या विषयातलं असं एक पाठ वाक्य घ्या, एन्झाइमांचंच हवं असं नाही, आणि त्याला चार खुणा लावून बघा: कुणाचं एन्झाइम, यंत्राचा किती भाग, काय मोजलं, आणि कुठपर्यंत मोजलं. एका वाक्यामागे एक दुपार जाईल, पण मुलाखतीत समोरचा पुढे झुकेल तेव्हा ती दुपार कामाला येईल.

बेडाक्विलिनसाठी माझं वाक्य सध्या असं आहे: ‘बेडाक्विलिन मायकोबॅक्टेरियाच्या एटीपी सिंथेजला पटलातल्या कडीवर आणि ए-सी सांध्यात धरतं आणि फार कमी तीव्रतेला अडवतं. माणसाच्या एन्झाइममध्येही तशीच एक जागा आहे आणि तिथेही ते बसतं, मात्र दोघांतल्या फरकाचा आकडा मांडणीवर अवलंबून आहे. रुग्णांमध्ये मिळालेला फायदा या आकड्यावरून नव्हे, रुग्णांच्या अभ्यासांवरून ठरलेला आहे.’

नोट्समधल्या वाक्यापेक्षा हे लांब आहे. परीक्षकाने यातल्या कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवून ‘कशावरून?’ विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे एक प्रयोग आहे.